बायोप्सीतला ‘मेटाप्लेशिया’ आणि अर्धवट सुटलेला कोर्स

प्रश्न : माझं वय ४७, सातारा जिल्ह्यात राहते. तीन-चार वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. मेडिकलमधून आणलेली पँटोप्राझोलची गोळी रोज सकाळी घेते. बंद केली की छातीत जळजळ सुरू. वडील जठराच्या कर्करोगाने गेले, म्हणून दीड महिन्यापूर्वी दुर्बिणीची तपासणी करून घेतली. एंडोस्कोपीच्या कागदावर ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ आहे. अँट्रममधून दोन तुकडे काढले होते, त्यांचा रिपोर्ट ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस विथ इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया, एच. पायलोरी प्रेझेंट, निगेटिव्ह फॉर डिस्प्लेशिया’ असा आला. डॉक्टरांनी चार प्रकारच्या गोळ्या चौदा दिवसांसाठी दिल्या. सहाव्या दिवशी तोंडाची चव गेली, जीभ काळी पडली आणि शौचालाही काळं व्हायला लागलं. घाबरून सगळं बंद केलं, त्याला आता चार दिवस झाले. मोबाइलवर वाचलं तर मेटाप्लेशिया म्हणजे कर्करोगाच्या आधीची पायरी. मिस्टर म्हणतात, या गोळ्या गरम पडल्या, काढा सुरू कर. बी-१२ पण कमी निघालंय. आता काय करू? दरवर्षी दुर्बीण घालावी लागेल का? मुलांना तपासायचं का?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी काळ्या शौचाचं बघू, कारण गाडी तिथेच अडली आहे. तुमच्या चार गोळ्या रिपोर्टमधला एच. पायलोरी हा जठरातला जंतू मारण्यासाठी आहेत, आणि त्यांत एक बिस्मथची आहे. तोंडात आणि आतड्यात जिवाणूंमुळे गंधकाची संयुगं सतत तयार होत असतात. त्यांच्याशी बिस्मथचा संयोग झाला की बिस्मथ सल्फाइड बनतं, आणि ते काळंकुट्ट असतं. जीभ त्यानेच काळी पडली, शौचही त्यानेच. गोळी थांबली की काही दिवसांत दोन्ही आपोआप पूर्ववत होतं. तोंडातली धातूसारखी कडवट चव ही बहुतेक मेट्रोनिडॅझोलची. त्याने लघवीही थोडी गडद होऊ शकते. चिठ्ठी लिहिताना हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं न मिळाल्यामुळे चांगला कोर्स वाया जातो.

रक्तस्रावाचं काळं वेगळं दिसतं. ते डांबरासारखं चिकट आणि चकचकीत असतं, भांड्याला धरून बसतं, पाण्याने सहज जात नाही आणि त्याला विलक्षण घाण वास येतो. सोबत चक्कर, धडधड, घाम किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी असेल तर सल्ल्याची वाट न बघता सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. तुमच्या शौचाचा रंग या चार दिवसांत निवळत आला असेल तर तो बिस्मथचाच होता. निवळत नसेल आणि तुम्ही लोहाच्या गोळ्याही घेत नसाल (त्यांनीही शौच काळं होतं), तर आजच डॉक्टरांना गाठा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आता उरलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या. त्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करून ‘कोर्स पुरा’ करायचा नाही. सहा दिवसांच्या माऱ्यात कच्चे जंतू मरतात आणि त्यातल्या त्यात दांडगे मागे राहतात. चार दिवसांच्या सुट्टीत ते पुन्हा वाढतात. अशा वेळी बहुधा चौदा दिवस नव्याने मोजावे लागतात किंवा प्रतिजैविकं बदलावी लागतात. कुठल्या गोळ्या, किती दिवस घेतल्या, कधी थांबवल्या हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा. ‘घेतल्या सगळ्या’ असं संकोचाने सांगू नका. पुढचा कोर्स निवडताना त्यांना हीच माहिती सगळ्यात जास्त लागते.

तुमच्या वर्णनावरून हा ‘बिस्मथ क्वाड्रुपल’ कोर्स दिसतो. त्याची नेहमीची मांडणी अशी असते : आम्ल कमी करणारी (पँटोप्राझोलसारखी) गोळी दिवसातून दोनदा, बिस्मथ सबसिट्रेट १२० मिलिग्रॅम, चार वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम, चार वेळा, मेट्रोनिडॅझोल ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम, तीन ते चार वेळा. हे आकडे स्वतःची चिठ्ठी ताडून बघण्यासाठी दिले आहेत, मेडिकलमध्ये दाखवून औषध आणण्यासाठी नाहीत. पूर्वी सर्रास दिला जाणारा क्लॅरिथ्रोमायसिनचा सात दिवसांचा तिहेरी कोर्स आता पुष्कळ ठिकाणी फसतो, कारण जंतू त्या औषधाला सरावला आहे. भारतात मेट्रोनिडॅझोललाही तो बराच सरावलेला आहे, पण बिस्मथच्या जोडीने, पुरेशा मात्रेत आणि पुरे चौदा दिवस दिलं की ती उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. चौदाचे सहा केले की हाच हिशेब कोसळतो.

घ्यायची पद्धत नीट सांभाळली तर त्रास बराच कमी होतो. आम्लाची गोळी नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी; जेवल्यावर घेतली तर तिचा जोर राहत नाही. प्रतिजैविकांना जठरात आम्ल कमी असेल तेव्हाच नीट काम करता येतं, म्हणून या गोळीला कोर्समध्ये बरोबरीचा मान आहे. बाकीच्या गोळ्या नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि झोपण्यापूर्वी. टेट्रासायक्लिनच्या आसपास दोन तास दूध, दही, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडचं पातळ औषध नको, कारण ते एकमेकांना धरून बसतात आणि औषध रक्तात पोचत नाही. म्हणजे गोळ्यांबरोबरचा चहासुद्धा कोराच. रात्रीची टेट्रासायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नका. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. या दिवसांत भर उन्हात राबणं टाळा, त्वचा लवकर भाजते. मेट्रोनिडॅझोल चालू असेपर्यंत आणि त्यानंतर तीन दिवस अल्कोहोल वर्ज्य. खोकल्याच्या काही औषधांतही ते असतं. गरोदरपणात टेट्रासायक्लिन चालत नाही, पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर चालतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

कोर्स संपला, जळजळ थांबली म्हणजे जंतू गेला असं नाही, आणि जळजळ राहिली म्हणजे जंतू उरला असंही नाही. पोटाला काय वाटतं त्यावरून हे कळत नाही, ते तपासूनच कळतं, आणि आपल्याकडे बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. शेवटच्या प्रतिजैविकानंतर किमान चार आठवडे जाऊ द्या. सहा-आठ झाले तर आणखी बरं. आम्लाची गोळी तपासणीच्या आधी दोन आठवडे पूर्ण बंद हवी, कारण तिच्यामुळे जंतू मरत नाही, फक्त दबून राहतो आणि तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. मग दोनपैकी एक : श्वासाची तपासणी, म्हणजे युरिया ब्रेथ टेस्ट, किंवा शौचातलं अँटिजेन. पहिल्यात उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायचं, खूण केलेल्या कार्बनचं युरिया प्यायचं किंवा कॅप्सूल गिळायची, आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचं. जंतूकडे युरियाचे तुकडे करणारं विकर असतं. तो पोटात असला तर खुणेचा कार्बन श्वासात उतरतो. शौचाच्या तपासणीला वाटाण्याएवढा नमुना पुरतो, मात्र जुलाबाचा पातळ नमुना देऊ नका. रक्तातल्या अँटिबॉडीच्या मागे लागू नका. जंतू जाऊन महिने, कधी वर्षं लोटली तरी त्या रक्तात राहतात. तरीही लॅबच्या पॅकेजांत ती तपासणी आवर्जून असते आणि लोक उगाच धास्तावतात.

ही पायरी एवढी का घोळवतोय, ते कोरियातल्या एका चाचणीवरून कळेल. तिथे नेमकी तुमच्यासारखी माणसं निवडली होती : आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झालेला आणि स्वतःच्या पोटात एच. पायलोरी. १,६७६ जणांपैकी निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. त्यांच्यावर साधारण ९.२ वर्षं लक्ष ठेवलं. औषधाच्या गटात १० जणांना कर्करोग झाला, दुसऱ्यात २३ जणांना. म्हणजे धोका निम्म्याहूनही खाली आला. पण त्या दहांपैकी पाच जणांच्या पोटात औषध घेऊनही जंतू उरला होता. जंतू खरोखर गेलेल्यांत कर्करोगाचं प्रमाण ०.८ टक्के होतं, उरलेल्यांत २.९ टक्के. हा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा होतो तो जंतू गेल्याने. नुसत्या गोळ्या गिळल्याने तो पदरात पडतोच असं नाही.

आता त्या शब्दाकडे वळू. एच. पायलोरी बहुधा लहानपणी घरातूनच मिळतो आणि उपचार न केल्यास दशकानुदशकं जठराच्या अस्तरात ठाण मांडून बसतो. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तोवर आम्लात जिवाणू टिकतच नाहीत अशी समजूत होती. लोक पटवून घेईनात म्हणून मार्शलनी १९८४ मध्ये तो स्वतः प्यायला आणि काही दिवसांत जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटात, म्हणजे खात्रीशीर कर्करोगकारकांत बसवलं होतं.

जंतूपासून कर्करोगापर्यंतची वाट पेलायो कोर्रेआ या कोलंबियाच्या विकृतिशास्त्रज्ञाने मांडली. आधी नुसती सूज. मग वर्षानुवर्षं सुजून सुजून आम्ल आणि पाचक रस करणाऱ्या ग्रंथी विरत जातात, त्याला ॲट्रॉफी म्हणतात. त्या रिकाम्या जागी जठराच्या पेशींऐवजी आतड्यासारख्या पेशी उगवतात, तो तुमच्या रिपोर्टमधला इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया. त्यानंतर पेशींची ठेवण बिघडते, तो डिस्प्लेशिया, आणि शेवटी कर्करोग. सुजेमुळे पेशी भराभर मरतात आणि भराभर नव्या होतात, त्या घाईत डीएनएच्या नकलेत चुका राहतात. सुजलेल्या अस्तरातली ऑक्सिजनची आक्रमक रूपं डीएनए आणखी दुखावतात. या जंतूच्या काही जाती कॅग-ए नावाचं प्रथिन सुईने टोचावं तसं थेट पेशीत सोडतात. त्या जास्त घातक. ग्रंथी विरल्यावर आम्ल कमी होतं, मग एरवी तिथे न टिकणारे दुसरे जिवाणू वाढतात आणि अन्नातल्या नायट्रेटपासून घातक संयुगं तयार करायला हातभार लावतात.

या वाटेवर पाऊल पडलेल्यांपैकी बहुतेक जण शेवटपर्यंत जात नाहीत, हे मात्र मोबाइलवर ठळक अक्षरांत सापडत नाही. नेदरलँड्समधल्या देशव्यापी नोंदींत मेटाप्लेशिया असलेल्यांत वर्षाला ०.२५ टक्के, म्हणजे चारशेत एकाला कर्करोग आढळला; नुसती ॲट्रॉफी असलेल्यांत ०.१ टक्के. गंभीर डिस्प्लेशिया असेल तर आकडा एकदम ६ टक्क्यांवर जातो, म्हणून ‘निगेटिव्ह फॉर डिस्प्लेशिया’ या शब्दांना तुमच्या कागदावर सगळ्यात जास्त किंमत आहे. स्वीडनच्या पाहणीत वीस वर्षांत मेटाप्लेशियाच्या ३९ जणांमागे एकाला कर्करोग झाला. निरोगी अस्तर असलेल्यांत २५६ जणांमागे एकाला. हे आकडे युरोपातले आहेत. भारतात भागागणिक फरक फार मोठा : मिझोराममध्ये जठराचा कर्करोग देशात सर्वाधिक, महाराष्ट्रात त्या मानाने कितीतरी कमी, आणि जंतू मात्र दोन्हीकडे भरपूर. मिझोराममध्ये तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी तोंडात धरण्याची चाल आहे आणि धुरावलेलं मांस खाण्यात असतं. संशोधकांची नजर त्यावर आहे. वडिलांच्या आजारामुळे तुमचा धोका सरासरीपेक्षा वर आहे हे खरं, पण म्हणून कर्करोग झालाच असं समजून रात्र जागवण्यासारखं या रिपोर्टमध्ये काही नाही.

‘मेटाप्लेशिया झाला, आता जंतू मारून काय उपयोग?’ असंही तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. त्यामागे चीनच्या फूजियान प्रांतातली एक चाचणी आहे. १,६३० जण, साडेसात वर्षं. एकूण हिशेबात औषधाने फरक ठळकपणे दिसला नाही. ज्यांच्या अस्तरात सुरुवातीला ॲट्रॉफी, मेटाप्लेशिया वा डिस्प्लेशिया नव्हता त्यांच्यात मात्र औषध घेतलेल्यांपैकी कुणालाच कर्करोग झाला नाही, न घेतलेल्यांपैकी सहा जणांना झाला. त्यावरून ‘परतीची वेळ टळून गेली’ ही कल्पना रुजली. पण शांतुंग प्रांतातल्या लिंचू परगण्यात १९९५ मध्ये दोनच आठवड्यांचा उपचार दिलेल्यांकडे २२ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा कर्करोगाची शक्यता जवळपास निम्म्यावर आलेली दिसली. पंधराव्या वर्षीच्या हिशेबात तर वयस्कर आणि अस्तरात बरेच बदल झालेल्यांनाही फायदा झाल्याचं दिसलं होतं. साडेसात वर्षांत न दिसलेली गोष्ट बावीस वर्षांत दिसली, कारण हा आजारच सावकाश चालणारा. जंतू गेल्यावर ॲट्रॉफी काही अंशी भरून येते. मेटाप्लेशिया बऱ्याचदा तसाच राहतो, पण पुढे सरकण्याचा त्याचा वेग मंदावतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी उपचार घेण्यात उशीर झालेला नाही.

तुमच्या तपासणीतली खरी उणीव दुसरीच आहे : तुकडे फक्त अँट्रममधून, तेही दोनच. अँट्रम म्हणजे जठराचा खालचा, ड्युओडेनमकडे, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीकडे जाणारा भाग. मेटाप्लेशिया तिथेच आहे की वरच्या मुख्य भागात, म्हणजे बॉडीतही पसरलाय, यावर धोका ठरतो, आणि दोन तुकड्यांवरून ते सांगता येत नाही. सिडनी पद्धतीने पाच तुकडे घेतात : अँट्रममधून दोन, मधल्या वळणावरून, ज्याला इन्सिसुरा म्हणतात, एक, आणि बॉडीतून दोन. अँट्रमचे आणि बॉडीचे वेगवेगळ्या बाटल्यांत, चिठ्ठी लावून. सगळे एकाच बाटलीत टाकले की कुठला कुठून आला हे विकृतिशास्त्रज्ञाला कळत नाही आणि अर्धी मेहनत फुकट जाते. नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या लालीवर फार विसंबू नका. ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ हा शेरा आपल्याकडे इतक्या कागदांवर असतो की नसलेला कागद शोधावा लागेल. लाली आणि सूक्ष्मदर्शकाखालची सूज यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही.

म्हणून जंतू गेल्याची खात्री झाल्यावर, साधारण वर्षभराच्या आत, एकदा नकाशासारखी नीट एंडोस्कोपी करून घ्यावी असा आमचा सल्ला आहे. त्यासाठी एनबीआय किंवा तत्सम रंगीत प्रकाशाची सोय असलेलं केंद्र बघा. त्या प्रकाशात मेटाप्लेशियाचे चट्टे उठून दिसतात आणि तुकडा नेमका तिथून घेता येतो. आधी फेस आणि चिकटा घालवणारं सिमेथिकोनचं औषध प्यायला देतात का, हे विचारा. जठर सावकाश, सातेक मिनिटं न्याहाळलं तर बारीक बदल जास्त सापडतात हे सिंगापूरमध्ये दिसून आलं आहे. दीड मिनिटात आटोपलेली दुर्बीण जळजळीचं निदान करायला पुरते, या कामाला नाही. जेवण सहा ते आठ तास आधी बंद. गुंगीचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत कुणीतरी न्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधी सांगा, पण डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

पुढच्या तपासण्या त्या नकाशावर ठरतील. युरोपच्या तज्ज्ञ संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार मेटाप्लेशिया अँट्रम आणि बॉडी दोन्हीकडे असेल तर दर तीन वर्षांनी, आणि जवळच्या नात्यात कर्करोग असेल तर एक ते दोन वर्षांनी. एकाच भागापुरता असेल तरी घरात कर्करोग झालेला असल्यामुळे तुम्हाला तीन वर्षांनी बघायला सांगतील. अमेरिकेतल्या एका प्रमुख संघटनेचा २०२० चा सूर सौम्य होता, मेटाप्लेशियाच्या सरसकट सगळ्यांना वारंवार दुर्बीण नको असा. पण नात्यात कर्करोग असलेल्यांना त्यांनीही वेगळं काढलंय. विकृतिशास्त्रज्ञाकडून दोन गोष्टी लिहून मागा : मेटाप्लेशिया ‘कम्प्लीट’ आहे की ‘इनकम्प्लीट’ (दुसरा मोठ्या आतड्याच्या वळणाचा आणि जास्त जोखमीचा), आणि ओल्गा किंवा ओल्गिम (ॲट्रॉफी किंवा मेटाप्लेशिया किती आणि कुठवर आहे हे मोजायच्या) पद्धतीने पायरी कितवी. पायऱ्या शून्य ते चार. तीन आणि चार आल्या तर बारकाईने लक्ष ठेवायचं. दरवर्षी दुर्बीण मात्र फार थोड्या जणांना लागते. अंगावरून वजन उतरणं, गिळताना अडकणं, सतत उलट्या, थोडं खाताच पोट भरणं किंवा हिमोग्लोबिन घसरणं यांतलं काही सुरू झालं तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

तुमच्या रोजच्या पँटोप्राझोलचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. गोळी सोडली की जळजळ उसळते, त्यावरून आजार मोठा असेल असं वाटतं. डेन्मार्कमध्ये पोटाचा कसलाही त्रास नसलेल्या १२० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अशीच गोळी देऊन मग थांबवली. गोळी थांबल्यावरच्या आठवड्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ वा पित्ताचा त्रास झाला. ज्यांना नुसती बिनऔषधी गोळी दिली होती त्यांच्यात १५ टक्क्यांना. गोळीने दाबलेलं आम्ल सुटल्यावर काही दिवस दुप्पट जोराने येतं, एवढाच त्याचा अर्थ. जंतू गेल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी मात्रा निम्मी, मग एक दिवसाआड, असं करत ती सोडवता येते. मधल्या काळात अल्जिनेटचं पातळ औषध जेवणानंतर घेता येतं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने कर्करोग होतो का, यावर निरीक्षणांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, कारण मुळात ज्यांचं पोट बिघडलेलं त्यांनाच ती दिली जाते. सतरा हजारांहून जास्त लोकांच्या तीन वर्षांच्या चाचणीत पँटोप्राझोलने आतड्याचे संसर्ग थोडे वाढले, बाकी मोठं नुकसान दिसलं नाही. घाबरून फेकू नका, पण कारण नसताना आयुष्यभर चालूही ठेवू नका. सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन वरचेवर घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोट सुजवायला त्या गोळ्या एकट्याही पुरतात.

बी-१२ कमी असण्याची आपल्याकडे तीन कारणं एकमेकांत मिसळतात : शाकाहार, आम्लाची गोळी आणि क्वचित स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने जठराच्या बॉडीवर केलेला हल्ला, म्हणजे ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस. तिसरं गाळून चालणार नाही, कारण त्याची देखरेख वेगळी असते. बॉडीच्या तुकड्यांत ॲट्रॉफी दिसली तर पॅरायटल सेल (आम्ल करणाऱ्या पेशी) आणि इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन) यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तपासतात. बी-१२ ची इंजेक्शनं किंवा गोळ्या त्यासाठी थांबवायची गरज नाही.

काढ्याबद्दल मिस्टरांना सांगा की या जंतूला पोटातून पुरता घालवतो असा सिद्ध झालेला काढा नाही. लिंचूमध्ये लसणाचा अर्क आणि जीवनसत्त्वंही सात वर्षं देऊन बघितली होती. बावीस वर्षांच्या हिशेबात जीवनसत्त्वांनी कर्करोग होण्याचं प्रमाण घटलं. लसणाने होण्याचं प्रमाण ठामपणे घटलं नाही, कर्करोगाने मरण्याचं घटलं. तेसुद्धा प्रमाणित अर्काच्या कॅप्सूल होत्या, लसणीची चटणी नव्हे. कोर्सच्या चौदा दिवसांत काढा, भस्म, चूर्ण काहीही नको. भस्मांत धातू असतात आणि टेट्रासायक्लिनशी त्यांचं वैर आहे. तिखटाने जळजळ वाढत असेल तर कमी करा, पण मेटाप्लेशिया तिखटाने झालेला नाही. मीठ मात्र खरंच कमी करा : रोजचं लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू मळत असेल किंवा विडी ओढत असेल, तर काढ्यावर वाद घालण्याआधी ते थांबवा.

मुलांच्या आधी तुमच्या भावंडांचा विचार करा. वडिलांशी त्यांचं नातं तुमच्याइतकंच जवळचं आहे आणि कोरियातल्या चाचणीतली माणसं तशीच होती. प्रत्येकाने शौचाचं अँटिजेन किंवा श्वासाची तपासणी करून घ्यावी, दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवून आणि चार आठवडे कुठलंही प्रतिजैविक न घेता. पॉझिटिव्ह आली तर पुरा कोर्स आणि नंतर खात्रीची तपासणी. चाळिशी ओलांडलेल्यांनी एकदा दुर्बीण करायची का, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारावं. तुमची मुलं अठराच्या पुढची असतील तर त्यांची आणि मिस्टरांची तपासणीही त्याच पद्धतीने करा. लहान असतील आणि पोटाची तक्रार नसेल तर आत्ता तपासू नका; त्या वयात उपचाराची घाई करत नाहीत. आणि पहिल्या बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे लॅबमधून मागून घरी जपून ठेवा. लॅब ते कायम ठेवत नाहीत, आणि पुढच्या वेळी नवा तुकडा जुन्याशी ताडून बघायला विकृतिशास्त्रज्ञ तेच मागेल.